ड्रिल न लावता मुलांच्या दाढेतली कीड काढता येते का? भुकटीच्या फवाऱ्याबद्दल सविस्तर

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी ७ वर्षांची. खालच्या दोन दुधाच्या दाढांच्या मध्ये भोक पडलंय, त्यात घास अडकतो. त्यांच्या मागे नव्याने आलेल्या दाढेवर काळी रेघ दिसते. गावातल्या डॉक्टरांनी दोन्ही भरून घ्यायला सांगितलं, पण मशीनचा आवाज ऐकला की मुलगी तोंड घट्ट मिटून घेते. नाशिकला बारीक भुकटीचा फवारा मारून कीड काढतात असं त्यांच्या कानावर आलंय. तिथे न्यावं का, त्याने दुखतं का, आणि मुलीला थंडीत दम लागतो, पंप चालू आहे, तर ती भुकटी चालेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, नुसत्या त्या यंत्रासाठी नाशिक गाठू नका. दुधाच्या दाढेतल्या भोकाला त्याचा उपयोग नाही. काळ्या रेघेला होऊ शकतो, पण दम लागणाऱ्या मुलीसाठी मी ते पहिल्यांदा निवडणार नाही. मात्र ड्रिल टाळावं ही तुमची इच्छा अगदी रास्त आहे. दोन्ही दाढांसाठी त्या चिरक्या, वेगवान ड्रिलशिवायचे मार्ग आहेत आणि त्यांना मोठी यंत्रसामग्री लागत नाही. कोणता मार्ग लागू पडेल हे कीड किती खोल गेली आहे आणि कुठल्या बाजूने गेली आहे यावर ठरतं. ते न बघता मला इथून छातीठोकपणे सांगता येणार नाही, म्हणून विचार कसा करायचा तो सगळा मांडते.

या पद्धतीला एअर अब्रेजन म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिशय बारीक पूड कोरड्या, दाबाखालच्या हवेबरोबर एका बारीक नोझलमधून दातावर सोडतात. काचेवर नक्षी काढायला वाळूचा मारा करतात, तेच हे तत्त्व. फक्त कण फार लहान असतात, २७ किंवा ५० मायक्रॉनचे. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. अ‍ॅल्युमिनाचा कण त्याहूनही कठीण असल्यामुळे आदळेल तिथला कवचाचा सूक्ष्म तुकडा उडवून नेतो. नोझल दाताला टेकत नाही, एक-दोन मिलिमीटर लांब असतं. त्यामुळे जबड्यात थरथर नाही आणि ड्रिलचा तो कानात घुसणारा चिरका आवाजही नाही. एनॅमलपुरतं काम असेल तर भुलीचं इंजेक्शन बहुतेक वेळा लागत नाही. त्याखालच्या डेंटिनपर्यंत पोचलं की मात्र हवेचा गारवा झोंबतो. आवाज पूर्ण जातो असंही नाही: हवेचा फुसकारा असतो आणि त्याहून मोठा आवाज सक्शनचा, म्हणजे तोंडातलं पाणी-भुकटी ओढून घेणाऱ्या नळीचा, असतो. नुसत्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे आधीच सांगायला हवं, कारण ‘आवाज नाही’ या भरवशावर आणलेलं मूल सक्शन सुरू होताच बिथरतं आणि पुढच्या वेळी खुर्चीतही बसत नाही.

पद्धत नवी नाही. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्लॅक यांनी ती १९४५ मध्ये मांडली आणि १९५१ मध्ये ‘एअरडेंट’ नावाचं यंत्र विक्रीला आलं. त्या काळी दाढेत चांदी भरत. चांदी दाताला चिकटत नाही, म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद, आत रुंद आणि सरळ भिंतींचा कोरावा लागे. भुकटीने कडा गोलसर होतात, तसा खड्डा जमत नाही. पुढे १९५७ च्या सुमारास हवेवर फिरणारं वेगवान ड्रिल आलं आणि हे यंत्र मागे पडलं. दाताला चिकटणारं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, रुळल्यावर नव्वदच्या दशकात ते परत आलं. आजही त्याची मर्यादा तीच आहे. भुकटीने केलेला उथळ, गोल कडांचा खड्डा चिकटणाऱ्या मटेरियलनेच भरता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कीड म्हणजे मऊ पडलेला दात. भुकटी कठीण पृष्ठभागावरच कापते. मऊ, चामट किडीवर कण आदळले तर मार तिथेच जिरतो आणि कीड जागच्या जागी राहते. शेजारचं निरोगी, कठीण डेंटिन मात्र भराभर उडतं. म्हणजे खोल कीड फवाऱ्याने काढायला गेलं, तर चांगला भाग जातो आणि वाईट भाग उरतो. त्यामुळे भुकटीने फक्त खड्ड्याचं तोंड उघडायचं आणि आतली मऊ कीड एक्सकॅव्हेटरने, म्हणजे चमच्यासारख्या टोकाच्या हाताच्या हत्याराने, खरवडून काढायची, हा योग्य क्रम. ‘सगळी कीड फवाऱ्याने निघते’ असं कुणी सांगत असेल तर तिथे थांबून चार प्रश्न जास्त विचारावेत. दुधाच्या दाढेत तर अधिकच जपावं लागतं. तिचं एनॅमल जेमतेम एक मिलिमीटर जाड असतं आणि आतली नस दाढेच्या मानाने मोठी, वरपर्यंत आलेली असते. ड्रिल किंवा चमचा हाताला कळवतो की आता मऊ लागतंय, आता कठीण लागतंय. नोझल काहीच कळवत नाही, फक्त डोळ्यांवर विसंबावं लागतं.

तुमच्या मुलीच्या मागच्या दाढेकडे येऊ. ही दाढ दुधाची नाही, कायमची आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास ती शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडलेला नसतो, म्हणून आपल्याकडे बहुतेक घरांत तिला दुधाचीच समजतात आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. ती पडणार नाही, जन्मभर चावायची आहे. तुम्ही रेघ वेळेत पाहिलीत हे फार चांगलं झालं.

काळी रेघ म्हणजे कीडच असं नाही. दाढेच्या खाचा खोल असल्या की त्यात डाग बसतो. ओळखायचं कसं? दाढ ब्रशने स्वच्छ करायची, हवेने पाच सेकंद पूर्ण कोरडी करायची आणि चांगल्या उजेडात बघायची. नुसती काळी-तपकिरी रेघ, कडा शाबूत आणि आजूबाजूला खडूसारखा पांढरा पट्टा नाही, तर तो डाग किंवा थांबलेली कीड. पांढरट पट्टा असेल किंवा खाचेची कड किंचित तुटली असेल, तर कीड चालू आहे पण एनॅमलच्या आसपास आहे. एनॅमलखालून राखाडी सावली दिसत असेल, तर ती आत डेंटिनमध्ये पसरली आहे. टोकदार सुईने खाचेत दाबून बघू नये. तसं केल्याने कमकुवत कवच तुटतं आणि जिथे भोक नव्हतं तिथे पडतं.

पहिल्या प्रकारात कापायचं काहीच नसतं. खाचा साफ करून सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, लावलं की काम झालं. तिसऱ्या प्रकारात फवाऱ्यावर भागत नाही. मधल्या प्रकारात, म्हणजे खाचेतल्या लहान, उथळ किडीत, एअर अब्रेजन खरोखर उत्तम काम करतं आणि ड्रिलपेक्षा कमी दात खर्ची पडतो.

ते नीट केलं तर कसं दिसतं, ते सांगते, म्हणजे तुम्हाला बघताना कळेल. मुलाच्या डोळ्यांवर चष्मा. डॉक्टर आणि मदतनीसही चष्मा-मास्क घालून. दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, त्यातून फक्त दाढ वर आलेली. जोरदार सक्शनची नळी दाढेला जवळजवळ टेकलेली. शेजारच्या दातावर धातूची पातळ पट्टी, नाहीतर त्याचंही कवच खरवडलं जातं. लहान कामाला २७ मायक्रॉनची पूड पुरते. दाब सुरुवातीला ४० ते ६० पीएसआय ठेवावा आणि गरज पडली तरच वाढवावा. नोझल सतत हलतं हवं, एका जागी धरलं की क्षणात खोल खळगा पडतो. चार-पाच सेकंद मारायचं, थांबायचं, धुऊन बघायचं, मग पुन्हा. नोझल लांब धरलं तर झोत फाकतो, कापत नाही आणि आजूबाजूचं कवच उगाच खरखरीत करतो.

भुकटीने दात खरखरीत होतोच, म्हणून काही ठिकाणी पुढची अ‍ॅसिडची पायरी गाळतात. ती गाळू नये. खरखरीतपणा आणि अ‍ॅसिडने उघडलेली सूक्ष्म छिद्रं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि पकड दुसऱ्या गोष्टीने येते. ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद, भरपूर पाण्याने धुणं, खडूसारखा पांढरा रंग येईपर्यंत कोरडं करणं, मग बाँडिंग (चिकटवणारा द्रव), पातळ कॉम्पोझिट, उरलेल्या खाचांवर सीलंट आणि साधारण २० सेकंद निळा प्रकाश. यात कुठेही थुंकी लागली तर अ‍ॅसिडपासून पुन्हा सुरुवात. मुलांच्या दाढेतलं सिमेंट सहा महिन्यांत निघून येतं, त्यामागे बहुतेक वेळा मटेरियल नसतं, थुंकी असते.

हे सगळं करायला मूल दहा-पंधरा मिनिटं तोंड उघडून स्थिर बसलं पाहिजे. तीन-चार वर्षांच्या, हात झटकणाऱ्या मुलासाठी मी हे यंत्र सुचवत नाही. मान वळली तर झोत हिरडीवर किंवा गालावर जातो. दाबाखालची हवा हिरडीखाली शिरली तर ऊतींत हवा भरून गाल सुजू शकतो. हिरडीला जखम असेल किंवा शेजारचा दात नुकताच काढला असेल, तर तिथे हा फवारा मारायचाच नाही.

आता दम्याचं. अ‍ॅल्युमिनाची पूड विषारी नाही. २७ किंवा ५० मायक्रॉनचे बहुतेक कण नाक-घशातच अडकतात, फुफ्फुसात खोल जाणारे कण साधारण १० मायक्रॉनहून लहान असतात. पण आपटून फुटलेले कण आणि उडालेल्या दाताची भुकटी त्याहून बारीक असू शकते. ज्याच्या श्वासनळ्या धुळीनेही आकसतात त्याला त्यात बसवण्याचं कारण नाही. दमा असेल तर कोरड्या फवाऱ्याचं यंत्र टाळावं, हा माझा नियम आहे. झोताभोवती पाण्याचा पडदा सोडणारी यंत्रं असतात, त्यात भुकटी खूप कमी उडते. रबर डॅम आणि चांगल्या सक्शनसोबत, दमा आटोक्यात असताना आणि मुलांच्या डॉक्टरांना विचारून, त्यांचा विचार होऊ शकतो. पण तुमच्या मुलीची रेघ उथळ असेल तर इतका खटाटोप कशाला? छोट्या गोल बरने (कापणाऱ्या टोकाने), कमी वेगाच्या हँडपीसवर, म्हणजे हळू फिरणाऱ्या ड्रिलवर, दोन मिनिटांचं काम आहे. त्याचा आवाज घरघरीचा असतो, चिरका नाही. कुठल्याही दातांच्या भेटीला तिचा पंप सोबत न्या आणि डॉक्टरांना तो खुर्चीत बसण्याआधीच दाखवा. पंपात स्टेरॉइड असेल तर घेतल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरायला लावा. गोड सिरप रात्री ब्रशनंतर देत असाल तर वेळ बदला.

आपल्या भागातल्या ज्या डॉक्टरांच्या मनात हे यंत्र घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एवढंच: खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात ते व्यवस्थित चालतं, त्रास देतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, हवेतून ओल पुडीत जाते, गुठळ्या होतात आणि नोझल तुंबतं किंवा झोत झटके देत येतो. टाकीचं पाणी रोज काढणं, लाइनमध्ये ड्रायर आणि फिल्टर बसवणं, पुडीची बाटली उघडी न ठेवणं आणि वापरलेली पूड पुन्हा न भरणं ही किमान शिस्त. चांगला आरसा या कामाला वापरू नका, एका बैठकीत त्याची काच आंधळी होते.

दुधाच्या दाढेतलं भोक हा तुमच्यापुढचा खरा मोठा प्रश्न आहे, रेघ त्या मानाने किरकोळ. दोन दाढांच्या मधली कीड बाहेरून दिसते त्यापेक्षा आत मोठी असते. आधी त्या बाजूचा बाइटविंग एक्स-रे काढून घ्या. छोटी फिल्म दातांत धरायची असते आणि किरणांचं प्रमाण अगदी कमी असतं. कीड आणि नस यांच्यामध्ये डेंटिनचा स्वच्छ पट्टा दिसतो का, हे त्यात बघायचं. ‘दुधाची दाढ आहे, काढून टाका’ हा सल्ला मात्र ऐकू नका. खालच्या दुधाच्या दाढा ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान पडतात, म्हणजे मुलीला त्या अजून काही वर्षं हव्या आहेत. विशेषतः दुसरी दुधाची दाढ आधी गेली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताची जागा खाते.

पट्टा शाबूत असेल, रात्रीचा ठणका नसेल, हिरडीवर पुळी किंवा सूज नसेल, तर मी हॉल पद्धत निवडते. स्कॉटलंडच्या दंतवैद्य डॉ. नॉर्ना हॉल यांच्या नावाने ती ओळखली जाते. यात कीड काढतच नाहीत. ड्रिल नाही, सुई नाही. दाढांच्या फटीत आधी छोटी रबराची कडी बसवतात, तीन ते पाच दिवसांनी फट थोडी मोकळी झाली की ती काढतात. मग मापाची तयार स्टीलची टोपी, आत ग्लास आयोनोमर सिमेंट भरून, दाढेवर ठेवतात आणि मुलीलाच चावून ती खाली बसवायला सांगतात. आत कोंडलेल्या किडीच्या जंतूंना अन्न मिळत नाही, म्हणून कीड थांबते. हे ऐकून आईवडिलांना धक्का बसतो, ‘कीड आत ठेवून वर टोपी?’ असं विचारतात. पण हवाबंद झाकलेली कीड पुढे जात नाही, आणि दोन दाढांच्या मधल्या किडीत साध्या सिमेंटपेक्षा ही टोपी कितीतरी जास्त टिकते.

टोपी बसल्यावर हिरडी थोडा वेळ पांढरी दिसते, एखादा दिवस ठणकते. चावताना दाढा उंच लागतात. मागचे-पुढचे दात दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतात, तोवर घाबरू नका. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या टोप्या एकाच दिवशी बसवू नयेत. दाढ पडायच्या वेळी टोपीसकट पडते. टोपी बसवताना काळजी फक्त दम्याचीच घ्यायची असं नाही: चिकट पातळ सिमेंट गिळलं जाऊ नये म्हणून मुलीला थोडं उठून बसलेलं ठेवतात आणि टोपी घशात जाऊ नये म्हणून मागे कापडाचा गॉज धरतात. हे कुणी करत नसेल तर विचारा.

मुलगी टोपीलाही तयार नसेल तर थोडी मुदत मिळवण्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आहे, ३८ टक्क्यांचं. ओठांना व्हॅसलिन लावायचं, दाढ कापसाने कोरडी करायची, छोट्या ब्रशने थेंबभर औषध लावायचं, साधारण मिनिटभर थांबायचं. दुखत नाही. कीड टणक होते पण कायमची काळी पडते, हे लावण्याआधी समजून घ्या. मागच्या दाढेत ते फारसं दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं आणि भोक तसंच राहिल्यामुळे अन्न अडकणं चालूच राहतं. चांदीची अ‍ॅलर्जी असेल तर हे औषध नको.

मुलगी रात्री झोपेतून दुखून उठत असेल, गरम दुधाने ठणका बराच वेळ राहत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर वरचं काहीही लागू नाही. नसेपर्यंत गेलेल्या दाढेला भूल देऊन नसेचे उपचार करावे लागतात किंवा दाढ काढावी लागते. तिथे ड्रिल टाळण्याचा हट्ट मुलीलाच महाग पडेल.

भीतीबद्दल. पहिल्या भेटीत काहीही करू नका असं डॉक्टरांना आधीच फोन करून सांगा. आरसा हातात द्यावा, सक्शनने तिच्या तळहातावरचं पाणी ओढून दाखवावं, हवेचा फवारा नखावर मारून दाखवावा. हात वर केला की डॉक्टर थांबतील असं ठरवा, आणि डॉक्टरांनी खरोखर थांबलं पाहिजे. घरी ‘काही दुखत नाही गं’ असं सांगू नका, ‘थोडं गार लागेल, आवाज येईल’ असं सांगा. आणि आजी-काकूंना विनंती करा, मस्ती केली की ‘दातांचे डॉक्टर सुई मारतील’ ही धमकी बंद. बऱ्याच मुलांची भीती दवाखान्यात नाही, घरीच तयार होते.

जाता जाता, केळी बंद करू का असं आपल्या भागात हमखास विचारतात. जेवणासोबत खाल्लेल्या ताज्या केळ्याने दाढ किडत नाही. दिवसभर थोडी थोडी तोंडात टाकलेली बिस्किटं, चॉकलेट-गोळ्या, खाचेत चिकटून बसणारे पाकिटातले कुरकुरे पदार्थ आणि ब्रशनंतरचं साखरेचं दूध हे खरे गुन्हेगार. वाटाण्याएवढी, किमान १००० पीपीएम फ्लोराइड असलेली टूथपेस्ट, दिवसातून दोनदा. रात्रीचा ब्रश तुम्ही स्वतः करा, ७ वर्षांच्या मुलीचा हात मागच्या दाढेपर्यंत नीट पोचत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: या आठवड्यात चोपड्यात किंवा जळगावात बाइटविंग एक्स-रे, आणि कायमची दाढ कोरडी करून तपासणी. रेघ नुसती डाग निघाली तर सीलंट लगेच. दुधाच्या दाढेसाठी स्टीलची टोपी बसवणारे बालदंततज्ज्ञ जवळ नसतील तर धुळ्याच्या दंत महाविद्यालयात बालदंत विभाग आहे, तिथे एक्स-रे घेऊन जा. भेटीची तारीख लांबची असेल तर रोज रात्री त्या दोन दाढांच्या मध्ये फ्लॉस घालून अडकलेलं काढा, काडी किंवा सेफ्टी पिन नको. आणि मधल्या काळात गाल सुजला किंवा सूज येऊन ताप आला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.